आमचे पहिले आले, तो हंगाम

त्या क्लबचं नाव मी एमिलिओकाकांच्या तोंडून कधीच ऐकलं नाही. ते नेहमी ‘आमचे’ म्हणायचे. आमचे जिंकले, आमचे हरले, आमच्यांचा गोलकीपर आंधळा आहे. रेडिओवर नाव यायचं, पण ते कानावरून जायचं; माझ्याही डोक्यात ते ‘आमचे’च होऊन बसले. आता विचार केला की हसू येतं. सोळा वर्षांची मी, जन्म मुंबईचा, घराणं कोकणातल्या ज्यूंचं, राहायला मॉन्ट्रियलमध्ये. आणि ज्यांना मी मनातल्या मनात बेधडक आमचे म्हणायचे ते जगात फक्त अकरा जण, तेही स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावातले. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं आणि आजवर पाहिलेलं नाही.

घर दोन मजली होतं. खाली घरमालक एमिलिओकाका, वर आम्ही भाडेकरू. वर जायला बाहेरून लोखंडी वळणाचा जिना होता. असले जिने म्हणजे त्या शहराची शोभा आहे, असं सांगतात आणि आता त्यांचे फोटो काढायला लोक येतात. फोटो काढणाऱ्यांनी तो फेब्रुवारीत, दोन्ही हातांत ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन एकदा चढून दाखवावा. आई तर उतरताना सरळ पायरीवर बसायची आणि एकेक पायरी खाली सरकत यायची, अंगावर भारीतला कोट आणि चेहऱ्यावर मी हे मुद्दामच करते आहे असा भाव. आम्ही उठायच्या आत एमिलिओकाका जिन्यावर मीठ टाकून ठेवायचे. त्यांचं इंग्रजी मोडकं, आईचं फ्रेंच शून्य, पण मिठाला भाषा लागत नव्हती. त्यांच्या लसणाचा वास वर यायचा, आईच्या माशाच्या कालवणाचा खाली जायचा. पहाटे त्यांची कॉफीची किटली गुरगुरायची, मग ते खोकायचे, मग त्यांच्या रेडिओची शिट्टी आमच्या फरशीतून वर यायची. या तीन आवाजांवर मी घड्याळ न पाहता उठत असे.

वरचा मजला मात्र गप्प. बाबा विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर रेघा काढून यायचे आणि घरी रेघेसारखेच बसून राहायचे. माझा थोरला भाऊ त्याच वर्षी इस्रायलला मावशीकडे शिकायला निघून गेला होता, त्यामुळे आमच्या खोलीतली अर्धी बाजू रिकामी झाली होती. ती मी भरली नाही, तशीच ठेवली. शाळा फ्रेंच. आम्ही आलो त्याच सुमारास नवा नियम निघाला होता, त्यामुळे दुसरा मार्ग नव्हता. दोन वर्षांत मला वर्गातलं सगळं समजायला लागलं होतं, फक्त माझ्याशी कुणी काही बोलत नव्हतं. शनिवारी सिनेगॉगमध्ये गेलं की कुणीतरी भली बाई प्रेमानं विचारायची, “तुमच्या घराण्यानं आपला धर्म केव्हा स्वीकारला?” बाबा सांगायचे, “दोन हजार वर्षं होत आली. नक्की तारीख लक्षात नाही.” मराठी मंडळींच्या दिवाळीला गेलं की तितकीच भली दुसरी बाई म्हणायची, “अय्या, तुम्ही मराठी किती छान बोलता!” त्यावर आई म्हणायची, “घरात सवय आहे हो.” मग पाहुण्यांचा परिचय चाळीस मिनिटं चालायचा आणि तेवढ्यात पुऱ्या चामट व्हायच्या.

त्या वर्षीच्या हिवाळ्याच्या आधी, एका रविवारी अकराच्या सुमारास आईनं मला वाटीभर कालवण घेऊन खाली पाठवलं. स्वयंपाकघरात रेडिओ मोठ्यानं चालू होता आणि खोलीत कुणीच नव्हतं. एमिलिओकाका मागच्या अंगणात, दाराकडे पाठ करून, कोट घालून उभे होते.

“काका, रेडिओ चालू राहिलाय,” मी फ्रेंचमध्ये सांगितलं.

“माहीत आहे. किती झाले?”

“कशाचे किती?”

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांनी स्वतः सामना ऐकला की आमचे हरतात. हे त्यांनी तीस वर्षं तपासून पाहिलं होतं. रेडिओ अजिबात लावू नये, तर तरीही हरतात. म्हणजे कुणीतरी ऐकायला हवं, पण ते त्यांनी ऐकायचं नाही. इतकी वर्षं त्यांची बायको ऐकायची आणि खिडकीतून बोटं दाखवायची: उजव्या हाताची बोटं म्हणजे आमचे गोल, डाव्या हाताची म्हणजे समोरच्यांचे. ती गेल्या वर्षी वारली. तेव्हापासून रेडिओ एकटाच बोलत होता आणि आमचे सारखे हरत होते. श्रद्धेच्या पोटात तर्कशास्त्र नसतं असं म्हणणाऱ्यांनी एमिलिओकाकांना भेटायला हवं होतं. मी आत गेले, कान लावला. फ्रेंच येत असल्यामुळे स्पॅनिश धुक्यातून दिसावं तसं दिसत होतं. गोल हा शब्द तर कुठल्याही भाषेत ओरडूनच सांगतात. थोड्या वेळानं मी खिडकीला नाक लावून उजव्या हाताची दोन बोटं वर केली, डावी मूठ मिटलेली ठेवली. बाहेर एक पासष्ट वर्षांचा, आयुष्यभर गोदीत वेल्डिंग केलेला माणूस थंडीत टोपी काढून उभा राहिला.

त्या दिवसापासून रविवारचं अकरा ते एक माझं झालं. आठवड्यात माझी कुणीतरी वाट पाहायचं असे ते दोनच तास.

आता नवसाची हकीकत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. तिथल्या स्पॅनिश मंडळींचा एक हॉल होता आणि हंगामाच्या सुरुवातीला ते जेवण ठेवत. वरच्या मजल्यावरचे म्हणून आम्हालाही आमंत्रण. हॉलमधल्या प्रत्येक पदार्थात डुक्कर होतं, बीनमध्ये होतं, कोबीत होतं; मला वाटतं पुडिंगमधून ते थोडक्यात निसटलं. आई पाव आणि ऑलिव्ह खात हसतमुख बसली. अध्यक्षांनी छातीवर आडवा पट्टा घातला होता आणि ते बोलत होते. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. तीच भाषणं, तोच घसा खाकरणं, तेच ‘दोन शब्द’. जगात कुठेही दोन शब्द दोनच नसतात. मग एकेक जण उठून आपापल्या गावच्या संघाबद्दल फुशारक्या मारू लागला. एमिलिओकाकांचे दोन ग्लास झाले होते. ते उठले आणि म्हणाले, “या वर्षी आमचे पहिले आले, तर मी गावी जाईन, आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावीन आणि माझ्या भावाचं दार वाजवीन.”

प्रचंड टाळ्या पडल्या, हशाही झाला. कारण आमचे पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये टिकून राहिले तरी गावात फटाके वाजत. पहिला नंबर कुणाच्या आजोबांनीसुद्धा पाहिला नव्हता. एमिलिओकाकांनी गाव सोडलं तेव्हा त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. ती गेली तेव्हा ते आले नाहीत. भावानं एकच पत्र पाठवलं होतं आणि त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही, त्याला सव्वीस वर्षं झाली होती. आधी ते सांगत, तिथे हुकूमशहा आहे, मी कसा जाणार? तो म्हातारा मरूनही चारपाच वर्षं झाली होती आणि ती सबब बिचारी उघडी पडली होती.

घरी येताना आईनं मला विचारलं, काय म्हणाले ते? मी सांगितलं. आई बसमध्ये एकदम ताठ बसली. “म्हणजे नवस बोलले.”

“अगं आई, गंमत करत होते.”

“आईच्या थडग्याची कुणी गंमत करतं? बोलले ना चारचौघांत? झालं तर मग.”

आणि आमचे जिंकायला लागले. नाताळपर्यंत तिसरे, कडाक्याच्या थंडीत दुसरे, बर्फ वितळेपर्यंत पहिले, मग पुन्हा दुसरे, मग राजधानीच्या बड्या संघाच्या बरोबरीनं पहिले. मी पोस्टाच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला होता. आता फोनवर बोट ठेवलं की जगातल्या कुठल्याही मैदानावरचा स्कोअर दिसतो. मॉन्ट्रियलच्या नदीपलीकडच्या ब्रॉसार्डमधल्या माझ्या काँडोत बसून मी तो कधीकधी पाहतेही. पण तो मला कुणाला दाखवायचा नसतो, त्यामुळे दोन मिनिटांत फोन खाली ठेवते. तेव्हा मात्र अंगणात माणूस उभा होता. बर्फ असला तर तो शोव्हल करत होता, नसला तरी फावडं घेऊन शोव्हल केल्यासारखं करत होता. मी बोटं दाखवत होते आणि आमचे जिंकत होते.

मार्चमध्ये कधीतरी माझ्या लक्षात आलं की आमचे असेच जिंकत राहिले तर एमिलिओकाका जाणार. त्यानंतर मी रेडिओशी बसले की मनात सरळ समोरच्या संघाच्या बाजूनं असायची. आमच्यांनी गोल मारला की माझी उजवी बोटं जड होऊन वर जायची. आणि गंमत म्हणजे बाहेर टोपी निघायची बंद झाली होती. एमिलिओकाका नुसती मान हलवायचे. त्यांचं जेवण कमी झालं. जिन्यावर मीठ टाकताना एकदा ते तिथेच बसून राहिलेले मी पाहिले. हॉलमधली माणसं येऊन पाठीवर थापा मारून जायची. सगळे म्हणत, टेन्शन आहे बिचाऱ्याला. आईही म्हणाली, “इतकं मनाला लावून घेतलंय बाई त्यांनी.” मलाही तसंच वाटलं. सोळाव्या वर्षी आपलंच दुःख इतकं मोठं असतं की त्याच्या आडून दुसऱ्याचं दिसत नाही.

हंगामाचा शेवटचा सामना मे महिन्यात आला. आमचे परगावी खेळत होते. गणित सोपं होतं: बरोबरी झाली तरी आमचे पहिले, हरले तर राजधानीवाले. एमिलिओकाका टोमॅटोची रोपं लावायला अंगणात गेले. मी रेडिओजवळ स्टूल ओढलं. आमच्यांनी पहिल्या अर्ध्यात गोल मारला. मी एक बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि खड्डा खणायला घेतला. शेवटची दहा मिनिटं उरली असताना समोरच्यांनी फेडला. मी डाव्या हाताचं एक बोट वर केलं. ते उठून उभे राहिले, हाताला माती, आणि माझ्याकडे बघत राहिले. रेडिओची शिट्टी वाढत होती, त्यातून आवाज यायचा, जायचा. मी देवाला सांगितलं, एक गोल. मला आठवतं तसं त्याआधी मी देवाकडे काही मागितलं नव्हतं आणि त्यानं सुरुवातीलाच नाही म्हटलं. सामना संपल्याची शिट्टी वाजली. रेडिओवरचा माणूस रडत ओरडू लागला, एक-एक, एक-एक, आणि मग आमच्यांचं नाव पुन्हा पुन्हा.

मी खिडकीशी गेले. उजव्या हाताचं एक बोट वर केलं. डाव्या हाताची दोन.

त्यांना कळायला एक क्षण लागला. मग त्यांचे खांदे खाली आले. मला वाटलं ते कोसळणार, पण ते खांदे ओझं उतरवून ठेवल्यासारखे खाली आले होते. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, मोठ्यानं श्वास सोडला आणि आत आले तेव्हा शीळ वाजवत होते. “होतं असं,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी. बस, दीना, आज मी तुला बटाट्याचं खरं ऑम्लेट करून घालतो. तुझ्या आईला सांगू नको, ती म्हणेल मिरची कुठे आहे.” आठ महिन्यांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. ते बटाटे चिरत होते, तेल तापत होतं, ते त्यांच्या आईच्या ऑम्लेटबद्दल सांगत होते, आणि मी रेडिओ बंद करून त्यावर हात ठेवून बसले होते, जसं काही तो आपणहून बोलेल.

ऑम्लेट उलटायच्या आधीच फोन वाजला.

त्यांनी घेतला. पलीकडे हॉलमध्ये इतका आरडाओरडा होता की मला स्टुलावर ऐकू येत होता. त्यांनी फोन कानापासून जरा दूर धरला. मग म्हणाले, “हो, हो. ऐकलं. ऐकलं ना आम्ही.” फोन ठेवला. खिडकीच्या काचेवर माझ्या नाकाचा ठसा होता, तिकडे ते बघत राहिले.

“दीना. किती झाले होते?”

मी दोन्ही हातांचं एकेक बोट वर केलं.

“मग तिसरं बोट कुणाचं होतं?”

“माझं,” मी म्हटलं. “तुम्ही जाल म्हणून.”

तव्यावर ऑम्लेट करपायला लागलं होतं. त्यांनी ते उतरवलं नाही, फक्त गॅस बंद केला. “आणि मला वाटलं, मी सुटलो,” ते म्हणाले. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसून हळूहळू सांगितलं की नवस त्यांनी न होणाऱ्या गोष्टीचाच केला होता. इतकी वर्षं लोक विचारत, गावी कधी जाणार? आता उत्तर मिळालं होतं: आमचे पहिले आले की. तेवढ्यानं मरेपर्यंत निभावलं असतं. “दार उघडल्यावर भाऊ मला काय विचारणार ते मला माहीत आहे. एकच वाक्य आहे. मी सव्वीस वर्षं रोज त्याचं उत्तर शोधतोय.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “आपण म्हणू, मेणबत्ती इथल्या चर्चमध्ये लावली. देव तोच आहे. काय?”

मी म्हटलं, “हो. कुणाला काय कळणार?” इतक्या लगेच म्हटलं, की अजूनही आठवलं की लाज वाटते.

पण तोवर रस्त्यावर हॉर्न वाजू लागले होते. हॉलमधल्या चारपाच गाड्या, खिडक्यांतून झेंडे, आणि अध्यक्ष पट्टा घालून. म्हणजे तो त्यांनी घरून निघतानाच घातला असणार. आमचे हरले असते तर काय केलं असतं कोण जाणे. ते आमच्या लोखंडी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चढले आणि दोन शब्द बोलू लागले. एका थोर पुत्राची घरवापसी, वगैरे. विमानतळापर्यंत मिरवणूक काढायचंही जाहीर झालं. एमिलिओकाका दारात मातीचे हात घेऊन उभे, चेहरा राखेसारखा. आणि वरून, अध्यक्षांच्या पाठीमागून, आई ताट घेऊन उतरत होती. या वेळी बसून नाही.

ताटात मलिदा होता. आमच्यात नवस पुरा झाला की एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं तो करतात: भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलची, वर फळं. आईनं पोहे सकाळीच भिजवले होते. कसला विश्वास म्हणायचा हा! प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आमच्याकडे बाबा एक, आणि एमिलिओकाका, तेही कॅथलिक. बाबांनी टोपी घालून एकट्यानं जेवढं म्हणता येईल तेवढं म्हटलं. झेंडेवाले झेंडे खाली धरून ऐकत होते; त्यांना वाटलं, भारतात फुटबॉल जिंकल्यावर असंच करतात.

सगळे गेल्यावर एमिलिओकाकांनी आईला त्या चर्चच्या मेणबत्तीबद्दल हळूच विचारून पाहिलं. आई म्हणाली, “नो, एमिलिओ. देअर. नॉट हिअर. यू प्रॉमिस देअर.” मग तिचं इंग्रजी संपलं आणि ती सरळ मराठीत बोलू लागली. “माझी आई गेली मागच्या श्रावणात. तार आली तेव्हा तिसरा दिवस होता. मला जाताच आलं नसतं, म्हणून मी सुटले. तुम्हाला येतंय जाता. जाता येत असून गेला नाहीत, तर कुठल्या तोंडानं इथे टोमॅटो लावणार?” मी भाषांतर करायला तोंड उघडलं. एमिलिओकाकांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना समजलं होतं. काय समजलं होतं देव जाणे, पण ते म्हणाले, “वी, मादाम.” म्हणजे, हो, बाई.

पुढचं आधी सांगून टाकते. ऑगस्टमध्ये आईच्या नावानं एक कार्ड आलं. भावानं दार उघडलं होतं, ते वाक्य विचारलं होतं, आणि उत्तर काही सुचलं नाही म्हणून ते दोघं स्वयंपाकघरात बसून राहिले होते, अंधार पडेपर्यंत. भावाचं एक अंग लुळं पडलेलं होतं आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. नाताळनंतर वकिलामार्फत घर विकलं गेलं आणि खाली एक फ्रेंच जोडपं आलं, फार सभ्य, रेडिओ वगैरे काही नाही.

पण निघाले ते जूनच्या एका गुरुवारी. हॉलवाल्यांना त्यांनी शनिवार सांगितला होता, मिरवणूक टाळायला. टॅक्सी दाराशी उभी होती. एकच बॅग. सगळ्यांना ते सांगत होते, सहा आठवडे, फार तर आठ. बाबा कामावर होते, आई वरून हात हलवून आत गेली होती. एमिलिओकाकांनी टॅक्सीचं दार धरलं आणि मग ते थांबले. पुष्कळ विचार करून, जरा घाबरत, जसं अंगणातून विचारायचे तसं त्यांनी मला विचारलं, “दीना, मी परत येईन ना?”

माझ्या तोंडाशी हो आलं होतं. ते त्यांना हवं होतं आणि मला तर हवंच होतं.

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि आत बसले. टॅक्सी वळेपर्यंत मी फूटपाथवर उभी राहिले. मग जिना चढून वर गेले. आई ओट्याशी होती, पाठमोरी.

“गेले?”

“गेले.”

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं नाही. कांद्यांची थाळी आणि सुरी माझ्यापुढे सरकवली. “हे सगळे चीर,” ती म्हणाली. “बाबा यायच्या आत.”